कांदाचाळीतली खाण

आक्कानं सकाळी फोन केला आणि नेहमीसारखं मधूनच सुरू केलं. "ह्यांनी कांद्याच्या चाळीत कॉम्प्युटर टांगलाय. आता माजा कांदा कुठं ठिवू, ते तू ईऊन सांग."

मी बारामतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. कांदा आणि कॉम्प्युटर या दोन्ही विषयांत माझं मत कुणी विचारू नये. पण माझ्या थोरल्या बहिणीची अशी ठाम समजूत आहे, की जो माणूस वर्तमानपत्रातला अग्रलेख शेवटपर्यंत वाचतो, त्याला कुठल्याही भांडणाचा निवाडा करता आला पाहिजे. रविवारी स्कूटर काढली आणि सणसरच्या शिवारातल्या तिच्या वस्तीवर गेलो.

कांदाचाळ म्हणजे एक लांबट खोली. तिची जमीन खऱ्या जमिनीपासून दोनेक फूट उचललेली असते आणि तळ व भिंती लाकडी पट्ट्यांच्या, मध्ये फटी सोडून केलेल्या असतात. खालून वारं आत यावं, कांद्यातून फिरावं आणि वरच्या पत्र्याखालून निघून जावं, एवढाच तिचा उद्देश. साठवलेला कांदा श्वास घेतो, त्याला ऊब सुटते, आणि ती ऊब कोंडली की तो सडतो. आक्काची चाळ तेव्हा रिकामी होती. म्हणजे असायला हवी होती. तिच्या एका टोकाला लोखंडी अँगलची चौकट उभी होती, आणि चौकटीच्या आडव्या दांडीवर सहा काळ्या पेट्या ओळीनं अडकवलेल्या होत्या. प्रत्येकीला दोन-दोन पंखे. सगळे पंखे फिरत होते आणि लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तसा आवाज येत होता. समोर स्टुलावर चष्मा कपाळावर चढवून दाजी बसले होते.

"या पाव्हणं," ते म्हणाले. "तक्रार बारामतीपातुर गेली वाटतं."

दाजी म्हणजे आक्काचे यजमान. साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये त्यांची सारी नोकरी गेली. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, तापमान दाखवणारी जी काटेवाली घड्याळं असतात, ती त्यांच्या ताब्यात. गावात त्यांना सगळे फिटर म्हणतात. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत कारखान्यात कॉम्प्युटरचं पॅनेल आलं. ते बसवायला बाहेरून तरुण इंजिनिअर आले आणि त्यांनी जुन्या फिटरांना प्रेमानं सांगितलं, की तुम्ही आता फक्त बघत बसा. दाजी दोन वर्षं बघत बसले. मग निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, आणि त्यांच्या प्रदीर्घ सेवेचं कौतुक करणारी चार भाषणं, त्यांपैकी तीन भाषणांत त्यांचं खातं चुकीचं सांगितलं गेलं. दाजींनी याबद्दल कधी कुरकुर केली नाही. पण 'कॉम्प्युटर' हा शब्द घरात कुणी उच्चारला, की ते उठून गुरांना पाणी दाखवायला जात.

म्हणून त्यांना कॉम्प्युटरसमोर बसलेलं पाहून मला आक्काच्या कांद्याचा विसर पडला.

झालं होतं असं. माझा भाचा, म्हणजे या दोघांचा मुलगा, पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. करोनाच्या काळात तो घरी येऊन राहिला, तेव्हा त्यानं सहा ग्राफिक्स कार्डं आणली. खेळांची चित्रं झरझर दाखवण्यासाठी बनवलेली ही कार्डं, पण ती दिवसरात्र गणितं सोडवत ठेवली तर त्याच्या मोबदल्यात आभासी नाण्याचे बारीक बारीक तुकडे मिळतात. याला खाणकाम म्हणतात. बिटकॉइन घरच्या मशिनवर खणायचे दिवस केव्हाच गेले होते, पण त्याचं एक धाकटं भावंड तेव्हा अजून घरी खणता येत होतं. भाच्याचा बेत मोठा होता. मग कंपनीनं ऑफिसात बोलावलं आणि बेत सहा खोक्यांत बंद होऊन माळ्यावर गेला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यानं एकदा प्रयत्न करून पाहिला होता. खोलीची भट्टी झाली आणि मशिन तासातासाला बंद पडू लागलं.

एक दिवस दाजींनी खोकी खाली काढली आणि भाच्याला फोनवर विचारलं, "ह्यो गरम व्हतो म्हंजी किती गरम व्हतो?" भाच्यानं आकडा सांगितला. दाजी म्हणाले, "एवढंच? मग त्याला चाळीत टांगू की."

मला स्वतःला या खाणकामाची ओळख आधी झाली होती, पण वेगळ्या थाटात. बारामतीच्या एका मंगल कार्यालयात 'डिजिटल सोनं : तुमच्या दारी' असा मेळावा झाला होता आणि एका सहकाऱ्यानं मला ओढत नेलं होतं. तिथं आधी दीपप्रज्वलन झालं; छताच्या पंख्यानं समई तीनदा विझवली, तरी पंखा बंद करावा हे कुणाला सुचलं नाही. मग पाहुण्यांचा सत्कार, सत्काराला उत्तर, उत्तराबद्दल आभार. शेवटी भर उन्हाळ्यात थ्री-पीस सूट घातलेले एक गृहस्थ उभे राहिले आणि दीड तास बोलले. मी प्रश्न विचारला, की हे मशिन नेमकं करतं काय? ते हसून म्हणाले, "सर, प्रश्न मशिनचा नाहीये, माइंडसेटचा आहे." टाळ्या पडल्या. मी जेवून घरी आलो.

तोच प्रश्न मी आता चाळीत दाजींना विचारला. दाजींनी चष्मा खाली घेतला, पडद्यावर बोट ठेवलं आणि कुठलं कार्ड काय करतंय, किती तापलंय, त्याच्या पंख्याचा वेग किती, हे एकेक करून सांगितलं. जिथं कळलं नव्हतं तिथं ते म्हणाले, "हे मला अजून उमगल्यालं न्हाय." त्या सूटवाल्या गृहस्थांच्या दीड तासात हे वाक्य एकदाही आलं नव्हतं.

आता भांडण काय होतं ते सांगतो. आक्काचा कांदा शेतात तयार होत आला होता. काढणीला दोनेक आठवडे होते. कांदा काढला, वाळला, की चाळ तिला पूर्ण रिकामी हवी होती. चाळ तिच्या नावची, कांदा तिच्या हातचा, त्यात बोलायला जागा नव्हती. दुसरीकडे भाच्याला त्या कार्डांसाठी पुण्यात एक गिऱ्हाईक भेटलं होतं. त्याचं म्हणणं, उगाच धूळ खात पडण्यापेक्षा देऊन टाकू. बापाचा उत्साह पाहून त्यानं एक अट घातली होती. मशिन एकदाही बंद न पडता सलग आठ दिवस चाललं, तर कार्डं दाजींकडं राहतील. नाहीतर चाळ भरायच्या आधी एखाद्या रविवारी तो गाडी घेऊन येणार आणि खोकी घेऊन जाणार.

"आठ दिवस म्हंजी कायबी न्हाय," दाजी मला म्हणाले. "आमचा बॉयलर सीझनला शंभर-शंभर दिवस ईझत न्हवता."

"मग अडलंय कुठं?"

"ह्यो रोज एकदा झोपतो."

पण तिथवर पोचण्यातही त्यांचे दोन महिने गेले होते. सुरुवातीला मशिनला सहा कार्डांपैकी चारच दिसायची. भाच्यानं पुण्याहून व्हिडिओ पाठवले, त्यात इंग्रजी बोलणारी मुलं भराभर सगळं उपसून परत लावत होती. दाजींनी ते दोनदा पाहिले आणि तिसऱ्यांदा नाही. त्यांनी शाळेची शंभरपानी वही आणली. प्रत्येक कार्डाला, प्रत्येक वायरीला, आणि कार्ड मुख्य बोर्डाला जोडणारी जी छोटी पट्टी असते तिलाही, रंगीत टेपनं खूण केली. मग एकच कार्ड, एकच पट्टी लावून मशिन सुरू केलं. वहीत नोंद. बंद केलं, पट्टी तीच, कार्ड दुसरं. नोंद. एका वेळी फक्त एक गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर काय झालं ते लिहिल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. छत्तीस जोड्या झाल्या. दोन पट्ट्या खराब निघाल्या. कार्डं सगळी ठणठणीत. मी ती वही चाळली. माझ्या हाताखाली आजवर पाच जणांनी पीएच.डी. केली आहे. त्यांच्यापैकी एकाचीही नोंदवही मला अशी विनाखाडाखोड मिळाली नव्हती, आणि एकानंही निष्कर्ष शेवटच्या पानावर येईपर्यंत दम धरला नव्हता.

विजेचंही त्यांनी सरळ केलं होतं. वस्तीवर तारेवर आकडा टाकणं काही कुणी पाप मानत नाही. दाजींनी अर्ज करून चाळीसाठी वेगळा व्यापारी मीटर घेतला. अर्जात 'व्यवसायाचे स्वरूप' असा रकाना होता. दाजींनी लिहिलं, 'गणिते सोडविणे.' खिडकीवरच्या माणसानं ते वाचलं, दाजींकडं पाहिलं, पुन्हा वाचलं, आणि खोडून तिथं 'इतर' लिहिलं.

तर अडचण ही, की मशिन मध्येच बंद पडायचं. कार्डं गार, पट्ट्या नव्या, तरीही अचानक सगळं काळं. पुन्हा बटण दाबलं की काही झालंच नाही असं सुरू. भाचा फोनवर म्हणाला, सेटिंग उतरवा. दाजींनी उतरवलं, तरी बंद. तो म्हणाला, सॉफ्टवेअर बदला. बदललं, तरी बंद. मग तो म्हणाला, "आण्णा, मी एक मोठा यूपीएस पाठवतो, विषय संपला."

"नगं," दाजी म्हणाले. "दुखणं झाकायचं न्हाय. आधी कळू दे."

मी पुढच्या रविवारी गेलो तेव्हा दाजी वही पुढ्यात घेऊन बसले होते. बंद पडण्याच्या वेळा त्यांनी एका पानावर उतरवल्या होत्या. तीन दिवस सकाळी साडेआठच्या सुमारास. मग चार दिवस दिवसा एकदाही नाही, पण रात्री दहाच्या सुमारास. मग पुन्हा सकाळी. ते मला पान दाखवून म्हणाले, "ह्याच्यात काय दिसतंय?"

मला लय दिसली, अर्थ दिसला नाही. तेवढ्यात चहा घेऊन आक्का आली. तिनं पान उलटंच पाहिलं आणि म्हणाली, "हे लायटीचं टाइमटेबल कशाला लिवलंय?"

दाजींचा कप हातातच राहिला.

शेतीच्या पंपांना लागणारी थ्री-फेज वीज आमच्याकडं पाळीनं येते. काही दिवस सकाळी, काही दिवस रात्री. मशिन बंद पडत होतं ते बरोबर ती वीज येताना. वस्तीवरची घरं आणि आजूबाजूचे अकरा पंप एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत. वीज केव्हा येईल याची वाट बघत शेतात कोण बसणार? म्हणून प्रत्येकानं पंपाला 'ऑटो' बसवलेला असतो. वीज आली, की पंप आपोआप सुरू. अकराच्या अकरा पंप एका दमात सुरू झाले, की डीपी गुडघे टेकतो, घरातला दिवा क्षणभर लाल होतो, आणि चाळीतलं मशिन दचकून झोपतं.

"मग ऑटो बसवणाऱ्यालाच धरायला पाहिजे," मी विनोदानं म्हणालो.

दाजींनी वही मिटली. मग म्हणाले, "समदे मीच बसवल्यात."

खरंच सगळे त्यांनीच बसवले होते. रजेच्या दिवशी, चहावर, शेजारधर्म म्हणून. पुढं त्यांनी जे सांगितलं ते ऐकून आक्का पदर तोंडाला लावून आत पळाली. त्या ऑटोच्या डबीत एक छोटा स्क्रू असतो. वीज आल्यावर किती वेळानं पंप सुरू व्हावा ते त्यानं ठरवता येतं. दाजींनी सगळ्यांचे स्क्रू पार शून्याच्या टोकाला पिळून ठेवले होते, कारण प्रत्येकजण त्यांना कानात सांगायचा, 'फिटर, माझी मोटार तेवढी सगळ्यांच्या आधी उठू दे.' दाजींनी सगळ्यांचं ऐकलं. अकरावी मोटार त्यांची स्वतःची होती, ती चाळीपासून सगळ्यात जवळ.

दुसऱ्या दिवशी मला कॉलेजला सुट्टी होती. मी मुक्काम केला आणि दाजींबरोबर फिरलो. खिशात एक स्क्रूड्रायव्हर, हातात वही. प्रत्येकाकडं जाऊन ते सांगायचे, की मोटारी एकदम उठतात म्हणून विजेचा दाब पडतो, दाब पडतो म्हणून मोटारी जळतात. मिनिटा-मिनिटाच्या अंतरानं उठल्या तर वाइंडिंग वाचेल. मशिनचंही ते लपवत नव्हते. "माजाबी फायदा हाय," असं आधीच सांगून मोकळे व्हायचे. आता क्रम कसा लावायचा? तर कालव्याचं पाणी जसं देतात तसा. कालव्याची पाळी शेवटच्या टोकाच्या शेतापासून सुरू होते आणि मुखाशी संपते, कारण मुखाशी बसलेल्याला पाणी कधीही मिळतं. तसंच डीपीपासून सगळ्यात लांबच्या पंपानं आधी उठायचं, जवळच्यानं शेवटी. हे सांगितलं की लोकांना पुढचं काही सांगावं लागायचं नाही. दुपारपर्यंत नऊ स्क्रू फिरले.

दहावे आबा. डीपी त्यांच्याच बांधावर, म्हणजे पाळीच्या हिशेबानं त्यांची मोटार सगळ्यात शेवटी, दाजींच्याही नंतर. आबा बाजेवर बसले होते.

"माज्या आज्ज्यानं जागा दिली म्हून डीपी हितं उभा ऱ्हायला," आबा म्हणाले. "आन् मीच शेवटला? ह्यो कुटला न्याय, फिटर?"

"आबा, दहा मिनटांचा तर सवाल हाय."

"दहा मिनिटं कशापाय? तुज्या कॉम्प्युटरपाय! काय पिकतंय त्यातनं?"

"गणितं सोडवतंय."

"कुनाची?"

"तशी कुनाचीच न्हाईत."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी शिकलेला, म्हणून. मी मान डोलावली.

"आन् चुकली तर?"

"चुकली तर दुसरा कुनी बरोबर सोडवतो. त्याला मिळतं."

"म्हंजी कुनाचीबी न्हाईत ती गणितं आदी सोडवायला सारी दुनिया पळतीया," आबा म्हणाले, "आन् माजी मोटार तेवडी मागं."

मी बरीच पुस्तकं वाचली आहेत, पण या धंद्याचं इतकं नेमकं वर्णन मला कुठं सापडलेलं नाही. दाजीही हसले. मग म्हणाले, "आबा, तुमचं खरं हाय. तुमी पयल्या नंबरावं ऱ्हावा. मी शेवटला."

"आन् कालव्याचा नेम?"

"डीपीचा मान."

आबांनी थोडा वेळ बाज करकरवली. "मान-बिन ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "शेवटल्याच्या आदी घाल मला. शेवटला तू. जा, फिरीव काय फिरवायचं त्ये."

मंगळवारी वीज सकाळची होती. कॉलेजला फोन करून मी माझा पहिला तास पुढं ढकलला, याची मला आजही लाज वाटत नाही. चाळीत दाजींनी व्होल्टमीटर टांगला होता. साडेआठ वाजले. लांब, कालव्याच्या अंगाला एक मोटार घुमली. काटा थोडा खाली गेला, थरथरला, वर आला. मिनिटभर शांत. मग दुसरी. काटा पुन्हा खाली, पुन्हा वर. दाजी आवाजावरून प्रत्येक मोटारीच्या मालकाचं नाव घेत होते. नववी, दहावी आबांची, आणि शेवटी चाळीमागची त्यांची स्वतःची. पंखे फिरतच होते. दाजींनी वहीत वेळ लिहिली आणि त्याखाली लिहिलं, 'दिवस १.'

सहाव्या दिवसापर्यंत सगळं बरं चाललं. आक्का रोज फोनवर आकडा सांगायची. तिच्या आवाजातली तक्रार कमी होत चालली होती हे तिच्या लक्षात आलं नसावं. कांदा काढायला बायका लागल्या होत्या. पात कापून कांदा शेतातच वाळायला पसरला होता. चार दिवसांत चाळीत भरायचा, असं ठरलेलं.

सहाव्या दिवशी सकाळी लाइनच्या दुरुस्तीसाठी साऱ्या शिवाराची वीज चार तास घालवली. तशी सूचना आधी आली होती. मशिन बंद पडलं. साहजिकच होतं, वीजच नाही तर कॉम्प्युटर काय करील? चार तासांनी वीज आली, मशिन सुरू झालं. भाचा फोनवर म्हणाला, "आण्णा, ते काही मोजायचं नाही. मशिनचा दोष नाहीये. उरलेले दोन दिवस काढा." मीही तेच म्हणालो. आबाही म्हणाले.

दाजींनी वहीत लिहिलं, 'बंद. कारण : वीज नाही.' आणि खाली, 'दिवस १.'

मी संध्याकाळी गेलो होतो, तेव्हा त्यांच्याशी वाद घातला. "दाजी, अट घालणाराच अट सोडतोय!"

"सलग आठ दिवस म्हनला व्हता," दाजी म्हणाले. "बॉयलर बंद पडला म्हंजी बंद पडला. का पडला त्ये येगळ्या रकान्यात लिवायचं. दोनी रकानं एक केलं की मग कायबी खपतंय, पाव्हणं."

"अहो, पण चार दिवसांत कांदा येतोय."

"ठावं हाय."

"मग?"

"मग चार दिवस चालंल. जेवडं चाललं तेवडं लिवू."

हे ते अगदी साधेपणानं बोलले. दोन वर्षं बघत बसलेला हा माणूस. आठचा आकडा हातात आला होता, फक्त उचलून घ्यायचा होता. त्यांच्यासमोर कुणी इंजिनिअर नव्हता, कुणी तपासायला येणार नव्हतं. मी ज्या जगात वावरतो तिथं अहवाल, मूल्यमापन आणि श्रेणी यांची दरवर्षी जत्रा भरते. तिथं या दोन रकान्यांचा एक रकाना करण्यात आम्ही सगळे आता चांगले तरबेज झालो आहोत.

आक्का दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि चुलीकडं गेली.

चौथ्या दिवशी, म्हणजे नव्या मोजणीच्या चौथ्या दिवशी, मी कांदा भरायला मदत म्हणून गेलो. पाहतो तर शेतातला कांदा गोळा करून लिंबाच्या सावलीत लांबट ढीग लावलेला, वर त्याचीच वाळकी पात पसरलेली. चाळीत एकही कांदा नव्हता. मजुरीच्या बायका निघून गेल्या होत्या आणि आक्का ढिगाशेजारी बसून जोडकांदे निवडून बाजूला टाकत होती.

"अगं, आज भरणार होतीस ना?"

"सावलीत चार दीस सुकला तर चांगला टिकतो," ती म्हणाली.

"हे कधीपासून?"

"माजा कांदा हाय. तुला लई कळतंय का?" मग हातातला कांदा खाली ठेवून हळू आवाजात म्हणाली, "पाऊस आला तर ताडपत्री हाय. त्यास्नी सांगू नगंस. त्यास्नी वाटतंय बायका आल्या न्हाईत म्हून ऱ्हायलंय."

दाजींना हे कळलं नव्हतं असं मला वाटत नाही. लिंबाखालून निघून गेलेल्या बायका चाळीसमोरूनच गेल्या असणार. पण त्यांनी तसं दाखवलं नाही, आणि त्या चार दिवसांत ते रोज दोन वेळा ढिगाजवळ जाऊन पातीखाली हात घालून कांदा उबत नाही ना हे पाहत होते.

आठवा दिवस सोमवारी भरत होता. वीज सकाळची होती. मी पुन्हा पहिला तास पुढं ढकलला. माझ्या घरी कुणी आजारी आहे असं समजून विद्यार्थ्यांनी चौकशी केली होती आणि मी ते नाकारलं नव्हतं. आबा काठी टेकत आले आणि स्टुलावर बसले. मोटारी एकामागून एक उठल्या. आपली उठल्यावर आबा म्हणाले, "बगा, हाय का काय गडबड," जणू मशिन त्यांच्याच भरवशावर चाललं होतं. दाजींची मोटार उठली. काटा खाली गेला, वर आला. आणखी दहा मिनिटं गेली. मग दाजींनी घड्याळ पाहिलं आणि वहीत 'दिवस ८ पूर्ण' असं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं आलं होतं.

त्यांनी भाच्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"झालं आठ," ते म्हणाले.

भाचा म्हणाला, "आण्णा, तुम्ही सहाव्या दिवशी पुन्हा एकपासून मोजलं नसतं तरी चाललं असतं."

"तुला चाललं असतं."

"बरं. मग गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"कार्डं तुजी हायती. तू ठरीव."

"मी त्याला नाही म्हणून सांगतो," भाचा म्हणाला. मग घाईघाईनं, "पण चाळीतनं कुठं हलवणार?"

"ट्रॅक्टरच्या शेडला दोनी अंगानं फटी पाडाव्या लागतील. बगतो." दाजींनी फोन बंद केला. मग मशिन रीतसर बंद केलं, एकेक पंखा थांबेपर्यंत उभे राहिले, आणि रंगीत टेप बघत बघत वायरी सोडवायला लागले. आक्का दारात आली. चौकट रिकामी झाली तशी तिनं एक टोक धरलं, दाजींनी दुसरं, आणि दोघांनी ती उचलून बाहेर नेली.

मी मागं उभा होतो. आक्कानं वळून पाहिलं.

"बगत काय ऱ्हायलाईस? दहाला कालिज हाय न्हवं तुजं? तवर चार पाट्या व्हत्याल. धर."